चार बोटं वर

कोयलीच्या बॉयलरवर मी एकतीस वर्षं
उष्णता लिहिली. दर तासाला,
निळ्या शाईने, खाडाखोड न करता.
म्हणून हेमलताबेन जेव्हा म्हणाल्या,
हात लावत नाही हं मी, चार बोटं वरच धरते,
जाणवेल ऊब,
तेव्हा मनात म्हटलं, चार बोटं हवा
म्हणजे उत्तम इन्सुलेशन.

दांडिया बाजार, दुसरा मजला,
खाली खारी-टोस्टची भट्टी.
गुप्त्यांच्या हेमलता. बडोद्यात ताईचीही बेन होते,
कुणी तक्रार करत नाही.
बँकेत कॅशियर होत्या. अजून
काहीही सुरू करायच्या आधी
अंगठा बोटावर घासतात,
ओला स्पंज असल्यासारखा.

माझं एक दुखणं कमरेतलं.
डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत वीज जाते.
त्याचे फोटो आहेत, मोठ्या पाकिटात.
दुसऱ्याचा फोटो निघत नाही.
ते विश्वामित्रीतल्या मगरीसारखं:
पाणी स्वस्थ, पलीकडे कुणी स्कूटर धुतंय,
आणि मध्ये दोन डोळे, तासन्‌तास.
काही करत नाही ती.
पण तुम्ही पाण्यात उतरत नाही.
दाढी करत नाही. फोन उचलत नाही.
मुलीने विचारलं, बाबा, काय होतंय?
म्हटलं, काही नाही. खोटं नव्हतं ते.
काही नाही होत होतं,
सकाळपासून रात्रीपर्यंत.

डॉक्टर म्हणाले, करा की रेकी.
गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत.
कमरेची, आणि ती दुसरी.
"ती दुसरी" म्हणताना
त्यांचाही आवाज जरा खाली आला.

मग बुधवार आणि शनिवार.
गादी, पातळ चादर, भिंतीवर एक जपानी अक्षर,
जे आपल्यालाही वाचता येत नाही
हे बेननीच सांगून टाकलं.
ऊब आली.
मी लगेच कारणं मांडली: खालची भट्टी,
दुपारचे तीन, मे महिना, पश्चिमेची भिंत.
कारणं मांडता मांडता
घोरलो म्हणे.

घरी जुन्या वहीत रकाने आखले.
वेळ. दुखणं, दहापैकी. शेरा.
शनिवार: आधी सात, नंतर सहा.
बुधवार: सात, सात.
शनिवार: सात, सहा.
बॉयलरचे असे आकडे दाखवले असते
तर साहेबांनी वही भिरकावली असती.
पण सहा म्हणजे तेच सात,
फक्त मला बसता यावं म्हणून
थोडं बाजूला सरकलेलं.
शेऱ्यात लिहिलं:
चाळीस मिनिटं कुणी
माझ्याजवळून उठून गेलं नाही.

जूनमध्ये एकदा वीज गेली.
पंखा थांबला, आणि पाठीवर
एक बांगडी बारीक किणकिणू लागली.
वळून पाहिलं तर बेन गुडघा धरून
देव्हाऱ्यामागे काही चाचपत होत्या.
चांदीच्या रंगाचं पाकीट निघालं. माझ्याच गोळीचं.
"तुम्हीपण?"
"मग? गोळी गोळीच्या जागी, हात हाताच्या.
एकाच्या रकान्यात दुसऱ्याने सही नाही करायची.
कॅशमध्ये आयुष्य काढलंय मी."

हसलो मी. गंजका व्हॉल्व्ह सुटावा तसा आवाज झाला,
दोघंही दचकलो.
मग स्टूल ओढलं, तळवा धरला
त्यांच्या गुडघ्याच्या वर, चार बोटं.
म्हटलं, मला यातलं काही येत नाही.
"नसू दे. हलवू नका फक्त."

खाली कुणीतरी ट्रे आपटत होतं.
माझ्या हातातून काय गेलं, मला ठाऊक नाही.
घाम नक्की गेला.
वीज आली तेव्हा विचारलं, आता किती?
त्यांनी डोळे मिटून मोजलं,
सवयीने पुन्हा मोजलं.
"सातच आहे हो."
मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या,
"बरं, साडेसहा लिहा.
पण पेन्सिलने."